उसना शब्द, उसना रेणू

पानात गरम भात पडला, त्यावर वरण आले की आपण तूप मागतो. हा शब्द कुठून आला असा प्रश्न तेव्हा कुणाच्या मनात येत नाही. आपल्या घरातली कन्नड बोलणारी मंडळी मात्र हसून सांगतील, "अहो, हे तर आमचं तुप्पा!" अडकित्त्याचेही तसेच. सुपारीला कन्नडमध्ये अडकी म्हणतात, हे माहीत असलेल्याला त्या शब्दाचे माहेर वेगळे सांगावे लागत नाही. अण्णा आणि अक्का तर दोन्ही घरांतले. हे शब्द मराठीत आले आणि मराठीचेच होऊन गेले. तुपाने, तुपात, अडकित्त्याला, अशा विभक्त्या त्यांना बिनतक्रार लागतात. वाक्य कुठे अडखळत नाही. ज्याला कन्नड येत नाही, त्याला हा शब्द पाहुणा आहे याचा पत्ताही लागत नाही. ज्याला येते, तो मात्र गर्दीतही त्याला ओळखतो.

वाचकहो, शरीराच्या भाषेतही असा एक उसना शब्द शास्त्रज्ञांनी घातला आहे. त्याचे नाव अझिडोहोमोअलॅनिन. नाव जिभेला जड आहे. प्रयोगशाळेत इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ए.एच.ए. म्हणतात, आपण या लेखापुरते 'आहा' म्हणू. हे प्रयोगशाळेत तयार केलेले कृत्रिम अमिनो आम्ल आहे. पेशी त्याला आपलेच समजून आत घेते आणि आपल्या प्रथिनांत गुंफते. संशोधकाला मात्र ते नंतर अचूक ओळखता येते.

मी बत्तीस वर्षे महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले. असे रेणू अभ्यासक्रमात येत-जात असतात. 'आहा'विषयी मात्र मी निवृत्तीनंतर मुद्दाम वाचले. त्याला घरातले एक कारण झाले. ते पुढे ओघाने येईलच.

वीस अक्षरांची वर्णमाला

आपले स्नायू, केस, रक्तातले हिमोग्लोबिन, अन्न पचवणारी विकरे, ही सगळी प्रथिने. प्रत्येक प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची एक लांब माळ. आपल्या बाराखडीच्या मानाने ही वर्णमाला आटोपशीर आहे. साधारणपणे वीस अमिनो आम्लांत सगळा कारभार चालतो. कोणत्या प्रथिनात कोणते अक्षर कुठे यायचे, याचा हुकूम जनुकात लिहिलेला असतो. ही लिपी १९६० च्या दशकात वाचली गेली. त्या कामासाठी १९६८ चे नोबेल पारितोषिक मिळालेल्या तिघांत आपले हरगोविंद खुराना होते.

माळ ओवण्याचे काम पेशीतले रायबोसोम करतात. पण कोणता मणी कुठला, हे रायबोसोम स्वतः तपासत नाही. ती पारख आधीच झालेली असते. प्रत्येक अमिनो आम्लासाठी एक खास विकर असते. ते आपले आम्ल निवडते आणि त्याला एका वाहक रेणूच्या पाठीवर बसवते. वाहकावर काय बसले आहे, यावर रायबोसोम विश्वास ठेवतो. म्हणजे फसवायचे असेल तर रायबोसोमला नव्हे, दारावरच्या या पारख्याला फसवावे लागते.

या वीसपैकी एकाचे नाव मेथिओनिन. बहुतेक प्रत्येक प्रथिनाची माळ याच मण्यापासून सुरू होते. जणू प्रत्येक कामाआधीचे श्रीगणेशाय नमः. आपले शरीर ते मुळापासून बनवू शकत नाही. अन्नातूनच घ्यावे लागते. डाळींत मेथिओनिन कमी असते, धान्यात त्या मानाने बरे. उलट धान्यात लायसिन नावाचे आम्ल कमी, ते डाळी भरून काढतात. ज्वारीची भाकरी आणि आमटी, वर तिळाची चटणी, हे ताट आपल्या आज्यांनी कुठलेही पुस्तक न वाचता जुळवले होते. तिळातही मेथिओनिन चांगले असते.

तोतया दारातून आत कसा येतो

पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया निघाला, ही गोष्ट आपण इतिहासात वाचली आहे. चेहरामोहरा पुरेसा जुळला की ओळखीची माणसेही बुचकळ्यात पडतात. रेणूंच्या जगातही असेच होते.

मेथिओनिनला एक छोटी शेपटी असते आणि तिच्या टोकाजवळ गंधकाचा अणू असतो. १९५७ साली डीन कोवी आणि जॉर्ज कोहेन यांनी जीवाणूंना मेथिओनिनऐवजी सेलेनोमेथिओनिन दिले. यात गंधकाच्या जागी त्याचा थोरला भाऊ सेलेनियम असतो. पारख्याने ते मान्य केले आणि जीवाणू त्यावर वाढले. पुढे १९९० च्या सुमारास वेन हेंड्रिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच युक्ती प्रथिनांचे आकार शोधायला वापरली. सेलेनियम क्ष-किरणांना वेगळा प्रतिसाद देते, त्यामुळे स्फटिकातल्या गुंतागुंतीच्या प्रथिनाची रचना उलगडणे सोपे झाले. तोतया असा कामाला लागला.

'आहा' याच घराण्यातला. मेथिओनिनच्या शेपटीचे गंधकाचे टोक काढून तिथे नायट्रोजनचे तीन अणू एका ओळीत बसवायचे. या त्रिकुटाला अझाइड म्हणतात. शेपटीची लांबी जवळपास तेवढीच राहते. खरे मेथिओनिन समोर असेल तर पारखी त्यालाच पसंती देतो, आणि तीही शेकडो पटींनी. पण खरे नसले की 'आहा'ला आत सोडतो. २००२ साली क्रिस्टी किक, एलियाना सॅक्सन, डेव्हिड टिरेल आणि कॅरोलिन बर्टोझी यांनी हे जीवाणूंत करून दाखवले.

अझाइडच का निवडले? कारण आपल्या पेशीत हे त्रिकूट एरवी नसते. पेशीतल्या हजारो रसायनांपैकी कुणाशीही ते भांडत नाही की मैत्री करत नाही. त्याचा एक जोडीदार म्हणजे अल्काइन नावाचा गट, आणि तोही बाहेरून आणावा लागतो. दोघे योग्य परिस्थितीत भेटले की चटकन जोडले जातात. बटण लागल्यासारखे हे जोडणे असते, म्हणून या रसायनशास्त्राला 'क्लिक' असे नाव पडले. २०२२ चे रसायनशास्त्राचे नोबेल बर्टोझी, मॉर्टेन मेल्डाल आणि बॅरी शार्पलेस यांना याच कामासाठी मिळाले.

आता सुरुवातीचा अडकित्ता पुन्हा आठवा. मराठी वाक्यात तो बिनबोभाट बसतो, पण कन्नड जाणणाऱ्याला ओळखू येतो. 'आहा' प्रथिनाच्या माळेत तसाच बसतो. अल्काइन हा तिथला कन्नड जाणणारा. या अल्काइनला आधीच एखादा चमकणारा रंग किंवा पकडून ओढता येईल असा आकडा लावून ठेवतात. मग ज्या ज्या प्रथिनात 'आहा' असेल, ते चमकते किंवा आकड्याला लागून बाहेर येते.

नवे कोणते, जुने कोणते

या खटाटोपाचा उपयोग काय? पेशीत कोणत्याही क्षणी असंख्य प्रथिने असतात. काही कालची, काही महिन्यापूर्वीची, काही नुकतीच बनलेली. दिसायला सगळी सारखीच. लग्नघरातल्या गर्दीत आज सकाळी आलेले पाहुणे कोणते आणि चार दिवस मुक्कामाला असलेले कोणते, हे नुसते बघून सांगता येते का?

पूर्वी यासाठी किरणोत्सारी गंधक असलेले मेथिओनिन वापरत. त्या गंधकाचे अर्धे आयुष्य सुमारे ८७ दिवसांचे. किती नवी प्रथिने बनली हे त्यावरून उत्तम कळे, आजही कळते. पण नव्या प्रथिनांना जुन्यांतून वेगळे काढून हातात घेता येत नसे.

'आहा'ने ती सोय केली. पेशींना आधी थोडा वेळ मेथिओनिनविना ठेवायचे. मग काही काळ 'आहा' द्यायचे. त्या वेळात जी प्रथिने बनतील त्यांच्यावरच खूण उमटेल. आधीची सगळी कोरी राहतील. पाहुण्यांच्या कपाळाला आज सकाळपासूनच कुंकू लावायला बसावे, तसे हे झाले. २००६ साली कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत डॅनिएला डीटरिख, डेव्हिड टिरेल, एरिन शूमन आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत मांडली. तिला 'बॉनकॅट' म्हणतात. २०१० मध्ये त्यांनी उंदरासारख्या प्राण्याच्या चेतापेशींत नवी प्रथिने रंगाने उजळून सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली.

अव्वांची मराठी कुठे गेली?

आता घरातले कारण सांगते. माझ्या सासूबाईंना आम्ही सगळेच अव्वा म्हणत असू. माहेर बैलहोंगलकडचे, मायबोली कन्नड. लग्न होऊन खानापूरच्या मराठी घरात आल्या आणि पन्नासहून अधिक वर्षे आमच्यासारखेच, किंबहुना आमच्याहून ठसठशीत मराठी बोलल्या. भाजीवालीशी घासाघीस कन्नडमध्ये, सुनांवर रागावणे मराठीत, अशी त्यांची वाटणी होती.

पंचाहत्तरीनंतर त्यांची स्मृती ओसरू लागली. आधी नावे गेली, मग कालचे जेवण गेले. आणि एक दिवस लक्षात आले की मराठी चालली आहे. मी मराठीत विचारले तर त्या माझ्याकडे नुसत्या बघत राहत. यजमानांनी "अव्वा, ऊट आतेनू?" असे विचारले की चेहरा उजळे. पुण्यात वाढलेल्या आमच्या मुलीला कन्नड येत नव्हते. ज्या आजीच्या मांडीवर ती मराठी गोष्टी ऐकत झोपली, त्या आजीशी आता तिला बोलता येईना. तिने मला विचारले, "आई, आजीची मराठी गेली कुठे?"

आधी शिकलेली भाषा अशा आजारात अधिक काळ टिकते, हे अनेक रुग्णांत दिसते, सर्वांत नाही. पण माझ्या मुलीचा प्रश्न त्याहून खोल होता. आठवण ही वस्तू तरी कशाची बनलेली असते?

हा प्रश्न शास्त्रज्ञांना बराच आधी पडला होता. १९६३ साली लुई फ्लेक्सनर आणि सहकाऱ्यांनी चक्रव्यूहातून वाट काढायला शिकलेल्या उंदरांच्या मेंदूत प्युरोमायसिन हे द्रव्य टोचले. उंदीर शिकलेले विसरले. त्याच दशकात बर्नार्ड अ‍ॅग्रॅनॉफ यांनी गोल्डफिशवर प्रयोग केले. शिकवल्यावर लगेच हे द्रव्य दिले, तर माशांची आठवण पक्की होत नसे. गंमत पहा, प्युरोमायसिनही तोतयाच आहे. मातीतल्या एका जीवाणूपासून ते मिळते. वाहकावर बसलेल्या अमिनो आम्लासारखे ते दिसते, रायबोसोम फसतो आणि माळ अर्ध्यावर तुटते. यावरून एक गोष्ट सुचली. आठवण टिकायची असेल तर मेंदूला त्या वेळी नवी प्रथिने बनवावी लागतात.

पण यातून दुसरा पेच उभा राहिला. प्रथिने कायमची नसतात. मेंदूतली कित्येक प्रथिने काही दिवसांत, काही आठवड्यांत मोडून त्यांच्या जागी नवी येतात. मग साठ वर्षांपूर्वीची शाळा आपल्याला आठवते कशी? डीएनएची रचना शोधणाऱ्या फ्रान्सिस क्रिक यांनी १९८४ साली एका छोट्या टिपणात हाच प्रश्न विचारला होता. खानापूरकडच्या कौलारू घरांचे उदाहरण घ्या. पावसाळ्याच्या आधी दरवर्षी फुटकी कौले बदलतात, कुजलेला वासा काढून नवा घालतात. पन्नास वर्षांत बहुतेक कौले नवी झालेली असतात, पण घर आजोबांचेच राहते. टिकते ती रचना. ती टिकवायला मात्र दरवर्षी कुणीतरी छपरावर चढावे लागते.

मेंदूच्या छपरावर कोण कधी चढते, हे पाहण्याचे साधन म्हणजे 'आहा' आणि त्याची भावंडे. चेतापेशींची प्रथिने केवळ पेशीच्या मध्यभागी बनून दूर पाठवली जात नाहीत. फांद्यांमध्ये, जोडांच्या जवळही ती जागच्या जागी बनतात, याला या पद्धतीने डोळ्यांना दिसणारा पुरावा मिळाला. २०१७ मध्ये शूमन यांच्या फ्रँकफर्टमधल्या गटाने आणखी पुढचे पाऊल टाकले. 'आहा'चा चुलतभाऊ अझिडोनॉरल्युसिन त्यांनी उंदरांना पिण्याच्या पाण्यातून दिला. तो फक्त निवडलेल्या चेतापेशींनाच घेता यावा, म्हणून त्या पेशींतला पारखी जनुकीय बदलाने मुद्दाम सैल केला. खेळायला, हुंगायला, शोधायला भरपूर असलेल्या पिंजऱ्यात ठेवलेल्या उंदरांच्या मेंदूत बनणारी प्रथिने साध्या पिंजऱ्यातल्यांपेक्षा वेगळी निघाली. २०२१ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातल्या एरिक क्लान यांच्या गटाने अल्झायमरसारखा विकार असलेल्या उंदरांत हेच तंत्र वापरले. नव्याने बनणाऱ्या प्रथिनांचा हिशेब तिथे वयाबरोबर बिघडत जाताना दिसला.

मुलीला मी एवढेच सांगू शकले की आठवण ही डब्यात ठेवलेल्या नाण्यासारखी नसावी. ती रोज राखावी लागणाऱ्या घरासारखी असावी. आजीच्या घराची डागडुजी करणारे हात थकले आहेत. जुन्या खोल्या अजून उभ्या आहेत, नंतर बांधलेल्या आधी गळू लागल्या.

हे औषध नव्हे

अव्वांचे दुखणे कळल्यावर एका परिचिताने 'मेंदूचे टॉनिक' म्हणून एक डबा आणून दिला. डब्यावर अमिनो आम्लांची लांबलचक यादी होती आणि किंमत चांगलीच होती. मी तो वापरला नाही. का, ते सांगणे आवश्यक आहे, कारण असे डबे आज अनेक घरांत येतात.

आपण खाल्लेले कोणतेही प्रथिन पोटात आणि आतड्यात सुटे होते. त्यातून आलेली अमिनो आम्ले शरीराच्या सामाईक साठ्यात जातात. डब्यातली आम्ले थेट आठवणींच्या खोलीत जाऊन कौले बसवत नाहीत. ज्याचे जेवण पुरेसे आहे, त्याला हे काम भाकरी, आमटी, दूध, अंडी करतातच.

आणि 'आहा'सारखे रेणू तर माणसाने खायचे नाहीतच. ते प्रयोगशाळेतले साधन आहे, शिंप्याच्या खडूसारखे. खडूची रेघ कापडावर मापापुरती असते. नेसायला खडू कुणी घेत नाही. थोड्या वेळापुरते आणि थोड्या प्रमाणात पेशी हा तोतया सहन करते. सगळ्या मेथिओनिनच्या जागी तो बसला तर प्रथिनांचे काम नीट चालेलच असे नाही.

तोतया घातकही ठरतो, याचे उदाहरण आपल्या देशातच आहे. लाखोळी, म्हणजे खेसरी डाळ, दुष्काळात महिनोन्महिने मुख्य अन्न म्हणून खाणाऱ्यांचे पाय कायमचे लुळे पडत. या डाळीतले विषारी अमिनो आम्ल १९६४ साली बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये राव, अडिगा आणि शर्मा यांनी वेगळे करून दाखवले. ग्लुटामेट हे मेंदूतले निरोप पोचवणारे अमिनो आम्ल. हे विष त्याचे सोंग घेते आणि चेतापेशींना इजा करते. एका तोतयाने माणसे पांगळी केली, दुसऱ्याने संशोधकांना डोळे दिले.

घरी करता येण्यासारखे

मग आपल्या हाती काय? पहिली गोष्ट, घरातले वडीलधारे विसरू लागले की 'वय झाले' म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. थायरॉइडचे विकार आणि बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांनीही स्मृती मंदावते, आणि या दोन्हींवर उपचार आहेत. बी-१२ चा आपल्या विषयाशी जवळचा संबंध आहे. वापरून झालेल्या मेथिओनिनपासून उरलेला भाग शरीर पुन्हा मेथिओनिनमध्ये बदलते, त्याला बी-१२ आणि फोलेट लागते. शाकाहारी घरांत ही कमतरता आढळू शकते. साध्या रक्ततपासणीत ती कळते.

दुसरी गोष्ट खास आपल्यासारख्या घरांसाठी. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास केला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन भाषा बोलणाऱ्यांत आजाराची सुरुवात सरासरी साडेचार वर्षे उशिरा झाल्याचे त्यात दिसले. लिहितावाचता न येणाऱ्यांतही हा फरक होता. दोन भाषा म्हणजे कवचकुंडले नव्हेत. अव्वांना दोन्ही येत होत्या, तरी आजार आलाच. पण सीमाभागातल्या घरात भाषेवरून जेवढा वाद होतो, तेवढा तिच्या या उपयोगाचा विचार होत नाही, हे खरे.

आमच्या मुलीने शेवटी दहा-बारा कन्नड वाक्ये शिकून घेतली. मी ती देवनागरीत एका कागदावर लिहून दिली होती. उच्चार चुकत, अव्वा हसत, आणि दुरुस्तही करत. त्या वर्षात दोघींचे जे काही बोलणे झाले, ते त्या कागदावरच्या वाक्यांतून झाले.

म्हणून एवढेच सुचवते. ज्या घरात आजी-आजोबा एका भाषेचे आणि नातवंडे दुसऱ्या भाषेची आहेत, तिथे नातवंडांना दुसरी भाषाही थोडी येऊ द्या, आणि ती आजी-आजोबांची तब्येत चांगली असतानाच. मोठ्या शास्त्रज्ञांना मेंदूतली नवी प्रथिने ओळखायला उसना रेणू लागला. आपल्याला आपल्या माणसाशी बोलायला उसने चार शब्द पुरतात, आणि ते शेजारच्याच घरात मिळतात.